निळ्या पोशाखाच्या दोन चिरा

५ मार्च

ताई,

एका हाताने पॅड धरलंय आणि दुसऱ्याने लिहिते आहे, त्यामुळे नमस्कार केला असं धरून चाल. फोन केला असता, पण आमच्या या दोन खोल्यांत कुजबुजलं तरी तुझ्या भावाला ऐकू जातं. शिवाय फोनवर तुझं काय होतं ते मला ठाऊक आहे. दोन वाक्यं झाली की तुझा गळा भरून येतो आणि मग मीच तुझी समजूत काढत बसते. पडले मी, आणि डोळे पुसायचे तुझे. म्हणून पत्र. तो औषधं आणायला गेला आहे, तासभर तरी येत नाही.

बातमी अशी की आपण पुन्हा टीव्हीवर आहोत. गेल्या वर्षी एकाच हंगामात पाच सुपरहिरो आले होते ना, सोमवार ते शुक्रवार रोज एक, त्यांची आता दर रविवारी दुपारी आठवण काढतात. कोट घातलेला निवेदक खुर्चीत रेलून अशा सुरात बोलतो, जणू पन्नास वर्षं लोटली. अरे बाबा, एक वर्ष झालंय. सोमवारचा लोखंडी, मंगळवारचा आग ओकणारा, बुधवारी आपली निळी, गुरुवारचा घड्याळ थांबवणारा म्हातारा आणि शुक्रवारचा अदृश्य. पहिल्याच रविवारी निळीची पाण्याच्या टाकीवरची उडी दाखवली. मी नर्सबाईंना म्हटलं, ही मी. त्या ‘हो का’ म्हणाल्या. पेशंटला म्हणतात तसं. तुझ्या भावाने उठून टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला.

त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. ताई, तो मला उचलत नाही. आधी वाटलं चार दिवसांचं असेल, पण आता चौदा महिने झाले. स्वयंपाक करतो, कपडे धुतो, माझे पाय चोळतो. पायांना ते कळत नाही, तरी चोळतो. पण पलंगावरून खुर्चीत घ्यायची वेळ आली की भिंतीला टेकून शेजारच्या नर्सबाईंची वाट बघतो. त्या कामावर जाताना सकाळी आठला येतात आणि परतताना संध्याकाळी सातला. मधल्या वेळात मला जिथे ठेवलं असेल तिथेच मी असते. परवा म्हटलं, अरे, आता माझं वजन ते किती, उचल की. तर म्हणाला, “एकदा टाकलंय तुला.”

आणि रोज एक गोष्ट करतो. खिडकीच्या गजाला जुनी दोरी बांधून सगळं अंग टाकून ओढतो. शूटिंगच्या आधी तो माझा पट्टा असाच ओढून बघायचा, आठवतं? आधी उजवी कडी, मग डावी. “ओढला होता गं मी,” म्हणतो, “डावीकडचा पण ओढला होता.” कंपनीने कागदावर लिहिलं की तारा सांभाळणाऱ्याने तपासणी नीट केली नाही, आणि याने निमूट खाली सही केली.

तू मोठी बहीण, तुझा शब्द तो खाली पडू देत नाही. त्याला चार ओळी लिही. पट्टा कुजका होता लिही, काहीही लिही. लहानपणी वडिलांचं घड्याळ याने पाण्याच्या पिंपात टाकलं आणि तू ‘मी टाकलं’ म्हणून मार खाल्लास, ती गोष्ट मी याच्या तोंडून शंभरदा ऐकली आहे. तसं काहीतरी पुन्हा कर.

तुझी,
वहिनी

१६ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. गळा भरून येतो म्हणतेस, ते खोटं नाही. वाचतानाही आला. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, काय हो, घरी सगळं बरं ना? मी म्हटलं, दोरा डोळ्यात गेला.

इथलं काम बरं आहे. शाळेचे गणवेश शिवतो. माझ्याकडे फक्त कॉलर. दिवसाला दोनशे कॉलर लावते आणि त्यातल्या एकीलाही उडायचं नसतं, हे मोठं सुख.

तो कार्यक्रम मी पाहिला नाही आणि पाहणारही नाही. पण तू विषय काढलास आणि ती शिवणाची खोली डोळ्यांपुढे आली. पाच मालिका आणि आम्ही सहा शिंपी. लोखंड्याचं चिलखत फोमचं होतं. दिव्याखाली गरम झालं की काखेतून सोलून निघायचं, आणि जग वाचवता वाचवता तो दोन्ही हात अंगाला चिकटवून पळायचा. म्हाताऱ्याच्या जाकिटात अकरा घड्याळं आणि एकही चालू नाही. सगळ्यात सुखी अदृश्याचा शिंपी. पगार घ्यायचा आणि शेंगदाणे खात आमची मजा बघायचा. आणि निळी. त्या निळीचा रंग इतका सुटायचा की हात धुतले तरी घरी ताटावर माझी बोटं उमटायची.

नायिकेचा पोशाख अखंड होता. तुझा डुप्लिकेटचा, म्हणून त्याला कंबरेशी दोन चिरा. आतल्या पट्ट्याच्या कड्या त्यातून बाहेर काढायच्या, धाकट्याने त्यात हूक अडकवायचे, की चालली आमची बया आकाशात. खाली आलीस की मी कच्चे टाके घालून चिरा मिटवायची. एक धागा ओढला की पुन्हा उघडायच्या. तू म्हणायचीस, ताई, माझ्या कंबरेला दोन तोंडं आहेत. किती हसायचीस तेव्हा.

धाकट्याला काय लिहू? मी कापडातली बाई. पट्टा, कप्पी, तार यातलं मला काय कळतं, असंच तो म्हणेल. बघते. सवडीने लिहीन.

सोबत गाऊन पाठवते आहे. पुढून उघडणारा आहे, पाठीला शिवण ठेवलेली नाही, म्हणजे झोपून झोपून टोचणार नाही. नर्सबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
ताई

४ एप्रिल

ताई,

गाऊन अंगाला अगदी बसला. न मापता कसं जमतं तुला, कोण जाणे. पण पत्रात ‘सवडीने लिहीन’ म्हणालीस आणि धाकट्याला अजून एक ओळ नाही. दिवसाला दोनशे कॉलर लावणारीला चार ओळींची सवड होत नाही?

या रविवारी आपली निळी होती. नायिका आली होती, केस कापलेत, छान दिसते. निवेदकाने विचारलं, भीती नाही वाटायची? म्हणाली, कधीच नाही. मला राग आला नाही. जमिनीवर उभं राहून कसली भीती वाटणार. त्यांनी एकेचाळीस शॉट दाखवले, मी मोजले. त्यातले चौतीस माझे. नर्सबाईंना टीव्हीजवळ नेऊन कंबरेशी बारीक चुणी पडते ती दाखवली, चीर मिटवलेली असते तिथली. आता त्यांना पटलंय. काल मला विचारत होत्या, वर गेल्यावर गार वाटतं का हो? मी म्हटलं, वाटतं, आणि वरून सगळ्यांची टकलं दिसतात.

शेवटी ती शेवटची उडीही दाखवली. निळी वर जाते तेवढीच, मग दुसरंच दृश्य. हा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, मला माहीत नव्हतं. म्हणाला, “डावी बाजू आधी खाली गेली.” तेवढंच.

आता जे लिहिते ते वाचून रडू नकोस. मंगळवारी नर्सबाईंना ताप होता, त्या आल्याच नाहीत. सकाळी सहापासून मी जागी, पलंगावरच. दहापर्यंत अंथरूण ओलं झालं होतं. मी त्याला म्हटलं, ये ना रे, मी गळ्यात हात टाकते, तू नुसता उभा राहा. तो आला. त्याचे हात माझ्या खांद्यापर्यंत आले आणि तिथे थरथरायला लागले, थांबेनातच. मग तो भिंतीशी जाऊन खाली बसला. लहान मूल रडतं तसा रडला आणि मी ओल्यात पडून त्याला म्हणत राहिले, असू दे, असू दे. दुपारी अडीचला तो खालच्या दुकानातल्या दोघांना बोलावून घेऊन आला. दोन परक्या माणसांनी मला त्या अवस्थेत उचललं. त्यातला एक सारखा ‘सॉरी’ म्हणत होता. मी छताकडे बघत होते. ताई, मी चाळीस फुटांवरून उड्या मारल्या आहेत, पण इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

एक विचारायचं होतं. मी पडले त्या दिवशी माझा पोशाख आणि पट्टा तू धुवायला म्हणून घेऊन गेलीस. पट्टा आहे का? याला तुटलेली कड एकदा बघायची आहे. म्हणतो, कड बघितली की कुजका होता का ते मला कळेल. असेल तर पाठव.

आणि मला नाकतोड्या म्हणायचं का सोडलंस? पाय गेले म्हणून? तसं असेल तर तो माझा प्रश्न आहे, तू म्हणत जा.

वहिनी

२१ जून

नाकतोड्या,

अडीच महिने तुझं पत्र मशीनच्या खणात आहे. मधे तुझी दोन कार्डं आली, तीही तिथेच आहेत. रोज खण उघडते, रीळ काढते आणि बंद करते. आज मात्र उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

पट्टा नाही. मी तो कापून टाकला. का कापला ते आता सांगते.

त्या दिवशी दुपारी नायिकेच्या पोशाखाची पाठीची चेन तुटली. जवळून घ्यायचे शॉट होते, म्हणून मी तुझा पोशाख तिला घातला. पण चिरा दिसायला लागल्या. कच्च्या टाक्याला फट पडते, म्हणून मी बारीक दुहेरी टाका घातला, पक्का. तुझ्या उड्या संपल्या होत्या. वेळापत्रकात तसंच होतं. मग दिग्दर्शकाला आणखी एक उडी हवी झाली, आणि उजेड जात होता.

धाकट्याने पट्टा तुला बांधला, ओढून बघितला. दोन्हीकडून बघितला, मी समोर उभी होते. पट्टा चांगला होता. मग तू वरून पोशाख चढवलास आणि चिरा मिटलेल्या. खरं तर पोशाख उतरवायचा, टेबलावर पसरायचा आणि एकेक टाका उसवायचा. दहा मिनिटांचं काम आहे. अंगावरच्या कापडाला ब्लेड लावायचं नाही, हे माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी सांगितलेलं आहे. पण दिग्दर्शक टाळ्या वाजवत होता आणि मी ब्लेड काढलं. उजवी चीर नीट उघडली. डावीला ब्लेड आत गेलं. कापड कापताना हाताला कळतं गं, किती कापलं ते. मला कळलं की कापडापेक्षा जास्त काहीतरी कापलं गेलं आहे. मी आत बोट घालून बघायला हवं होतं. धाकट्याने विचारलं, झालं का ताई? मी म्हटलं, झालं.

तू वर गेलीस तेव्हा मी ब्लेड कागदात गुंडाळत होते.

दवाखान्यात सगळे तुझ्याभोवती होते तेव्हा मी शिवणाच्या खोलीत पट्टा बघितला. अर्धी कड सरळ, कात्रीने कापल्यासारखी. अर्धी ओढून तुटलेली, तंतू निघालेले. ती सरळ कड कोणालाही दिसली असती. मी पट्ट्याचे बोटबोटभर तुकडे केले आणि चिंध्यांच्या पोत्यात घातले. कंपनीची माणसं विचारायला आली तेव्हा म्हटलं, गोंधळात कुठे गेला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्याने सही केली आणि मी त्याच्या शेजारी बसले होते. पेन माझंच होतं.

आज सांगेन, उद्या सांगेन करत वर्ष गेलं. मग इतका उशीर झाला की सांगायचीच भीती वाटायला लागली. तू लिहिलंस की तो तुला उचलत नाही. ते वाचलं आणि त्या दिवशी एकही कॉलर सरळ लागली नाही. तरी मी तुला गाऊन पाठवला.

हे पत्र त्याला वाचायला दे. त्याने तुला टाकलं नाही. मी टाकलं.

ताई

१५ जुलै

ताई,

पत्र आलं त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. तीन दिवस तुझ्या भावाला सांगितलं, ताईचं काही विशेष नाही, ती मजेत आहे. एरवी तुझी पत्रं मी त्याला गाळून वाचून दाखवते. हे गाळलं असतं तर काही उरलंच नसतं. चौथ्या दिवशी त्याच्या हातात दिलं.

त्याने उभ्याने वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. मग हसला. अठरा महिन्यांत पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. म्हणाला, “ताई काही सुधारणार नाही.” मी म्हटलं, म्हणजे? म्हणाला, “घड्याळाच्या वेळीही अस्संच. पिंपाचं झाकण कसं सरकलं, घड्याळ कुठल्या हातातून निसटलं, सगळं इतकं बारीक सांगितलं होतं की माझाच गोंधळ उडाला, पाडलं कोणी म्हणून.”

मी म्हटलं, अरे, हे खरं आहे. मला तेव्हा ब्लेड जाणवलं होतं. तर म्हणतो, “तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंय. तूच तिला लिहिलं असणार, मला सावरायला काहीतरी कर म्हणून.” आणि ताई, मी तसं लिहिलंच होतं, तेव्हा नाही तरी कसं म्हणू. त्याला वाटलं की त्याने आम्हाला पकडलं. मग म्हणाला, “पट्टा दाखवा, मग मानतो.” पट्टा कुठून दाखवू?

त्याला पटणार नाही. रोज वेगवेगळ्या तऱ्हेने सांगते आहे. काल नर्सबाईंकडून सांगवलं. तो त्यांना तुझ्या थोरवीच्या गोष्टी सांगत बसला. त्या जाताना मला म्हणाल्या, अशी नणंद मिळायला भाग्य लागतं.

तू एक लिहिलं नाहीस. डावी चीर उघडताना मी हसले होते. तुझं बोट कंबरेला लागलं, मला गुदगुल्या झाल्या आणि मी हलले. तू ओरडलीस, हललीस तर बघ. ते तू मुद्दाम गाळलंस. मला मध्ये आणायचं नव्हतं तुला. म्हणजे तो म्हणतो ते अगदीच चूक नाही. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायची तुला खोडच आहे, आणि त्या खोडीपायी तुझं खरंही आता कोणी मानत नाही.

मला तुझा राग आला आहे. खूप आला आहे. माझं हलणं गाळलंस ते मी माफ करू शकते, ब्लेडही कदाचित करू शकेन. घाईत कोणाच्याही हातून होईल. पण ते पेन मला विसरता येत नाही. तो इथे भिंतीला टेकून वाळत होता आणि तुला ठाऊक होतं. पुढे काय वाटेल ते आज सांगता येत नाही. विचारू नकोस.

एक मात्र झालं आहे. तुझं पत्र वाचल्यापासून तो खिडकीचा गज ओढत नाही. म्हणाला, ताई माझ्यासाठी एवढं खोटं बोलते, मी नुसता बसून राहतो, बरं दिसत नाही. परवा पलंगाच्या वर छताला मोठा हूक ठोकला. कप्पी आणली, दोरी आणली. हातांनी उचलायची हिंमत अजून नाही, ती होईल असं वाटतही नाही. पण दोरीने वर घेऊन खुर्चीत सोडेन म्हणतो. अजूनही त्याला वाटतं की त्यानेच मला टाकलं. आता फक्त तुझ्यासारखी बहीण आहे म्हणून पुन्हा प्रयत्न करणार आहे.

मला त्यात बसायला झोळीसारखा पट्टा लागेल. बाजारात मिळतो, मी त्याला सांगितलं. ऐकत नाही. म्हणतो, दुसऱ्या कोणाच्या शिवणीवर आपला भरवसा नाही, पट्टा ताईनेच शिवायचा. मी नाही म्हणू शकले नाही. काय कारण सांगणार होते?

तेव्हा माप घे. कंबर आता चोवीस. मांडी पंधरा, दोन्ही सारख्या. कड्या चार, दोन खांद्यांकडे आणि दोन गुडघ्यांखाली.

वहिनी

२८ जुलै

नाकतोड्या,

पट्टा पाठवला आहे. तीनदा शिवला आणि तीनदा उसवला. चौथा तुझ्याकडे येतो आहे. शिवण चौपदरी आहे. आमच्या दाराच्या चौकटीला बांधून मी स्वतः त्यात तासभर बसून राहिले, आधी सगळा भार डावीकडे टाकून.

धाकट्याला मी पुन्हा लिहिलं आहे, खरं तेच. तो पुन्हा हसेल. तरी महिन्याला एक लिहीत जाईन. तू काही विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही.

तो पट्टा ओढून बघेलच. त्याला सांग, दोन्हीकडून ओढ, आणि तुला बांधल्यावर त्याने पुन्हा एकदा ओढायचा. त्यानंतर कोणालाही हात लावू देऊ नकोस.

कडेचे उरलेले धागे मी दातांनी तोडले आहेत.

ताई